टेप एकोणचाळीस

ड्युनेडिनच्या चढावर एका खोलीत
कानांवर हेडफोन, पायाखाली थांबवायचं पेडल,
मी आयांचं बोलणं उतरवून घेते, तासाच्या हिशेबानं.
विद्यापीठाला सगळंच हवं असतं:
उसासा, बशीवर चमचा,
आणि कोण किती सेकंद गप्प राहिलं ते.

टेप एकोणचाळीस. आई पिरिहिरा.
मुलगी मराइया, दोन वर्षं एक महिना.

"आरामोआनाला गेलो होतो ना गं आपण?
वाळूत कोण झोपलं होतं?"
"भूभू."
"भूभूसारखाच, पण केवढा थोरला! समुद्रसिंह.
आणि तो शिंकला, मग—"
"लडली."
"कोण रडली?"
"मलाइया."
"हो बाई, मराइया रडली. आणि लाटेनं
बूट कुणाचा नेला?"
चार सेकंद.
"तिपेने."
मागून म्हाताऱ्याचा आवाज:
"आणि मी? तुला उचललं कुणी? मला विसरलात?"
सगळे हसतात. टेप फुटतो थोडा.

टिपेनेचा बूट. म्हणजे भावाचा. निळा, रबरी.
मी तसंच लिहिलं.

दीड वर्षानं तेच स्वयंपाकघर, तोच किनारा.
आता तिला सगळंच "काल" झालेलं असतं,
काल नाताळ, काल दात आला, काल पोउआ मेला.
आई "काल" दुरुस्त करत नाही,
"मग गं?" म्हणते फक्त, आणि थांबते.
"मग तो शिंकला. मग मी रडले."

पेडल दाबून मी मागे गेले. तीनदा ऐकलं.
रडली होती, ती रडले झाली.
वेलांटी गेली, मात्रा आली,
आणि तेवढ्याशा जागेत
कुणीतरी उभं राहिलं, ओल्या पायांनी.

टेप बावन्न फर्गसचा.
"रंग कोणता होता?" "हिरवा."
"चाकं किती?" "चार." "शाब्बास."
त्या आईला नावं ठेवू नका,
रात्रपाळीहून आलीय, बोलता बोलता जांभई ऐकू येते.
फर्गसला हिरवा आला, चार आले.
ट्रॅक्टर कुठे निघाला होता
ते मात्र कुणी विचारलं नाही.

माझी आई मोझगीलच्या लोकर गिरणीत होती.
मागांनी तिचे कान नेले, कानांमागून बोलणंही.
आमच्याकडे दिवस यायचे, जायचे,
परत कुणी त्यांना बसायला सांगायचं नाही.
सातव्या वर्षाआधीचं मला काहीच नाही.
तिची पाठ तेवढी आहे, कोटावर लोकरीचे धागे,
तीही बहुतेक फोटोतली.

मराइया बारा वर्षांची झाली तेव्हा
कुणी तरुण मुलगी टेप घेऊन परत गेली.
तुझी सगळ्यात जुनी आठवण कोणती?
"लाटेनं माझा बूट नेला. निळा.
मी एका पायावर उभी होते
आणि समुद्रसिंह हसत होता.
मग पोउआनं मला उचललं.
त्याच्या स्वेटरला माशांचा वास होता."

बूट तुझा नव्हता गं.
तो हसला नाही, शिंकला होता.
आणि वास? वासाबद्दल
अख्ख्या टेपवर कुणी चकार शब्द काढलेला नाही.
वास तू कुठून आणलास
हे मला अजून कळलेलं नाही,
पण म्हातारा त्यानंच आला माझ्या खोलीत,
धापा टाकत, चढ चढून.

मी काहीच दुरुस्त केलं नाही.
तसा रकानाच नसतो कागदावर.

परवा दंतवैद्याकडे, नंबर येईस्तोवर,
शेजारच्या बाईनं सहज विचारलं,
लहानपणीचं काय आठवतं तुम्हाला?
म्हटलं, लाट.
एक पाय एकदम गार पडला होता.

कुठला, तिनं विचारलं.
डावा, मी सांगितलंसुद्धा.