नाव नसलेलं बटण

बाणेरच्या पाचव्या मजल्यावर
आम्ही बसच्या तिकिटाचं ॲप केलं.
पाच जणांना दाखवलं, पाचही म्हणाले, सोपंय.
पाचही आमच्याच मजल्यावरचे,
हे तेव्हा कुणाला खटकलं नाही.

मग आले इब्राहिम तांबोळी,
भवानी पेठेतून, दोन बस बदलून.
काठीची घडी मांडीवर ठेवली,
मोबाइल कानाशी धरून बोट फिरवलं.
फोन बोलला: बटण.
बोट सरकलं. बटण.
आणखी सरकलं.
बटण.

मी म्हणालो, ते हिरवं दाबा ना.
म्हणालो आणि जीभ चावली.

ते हसले. "घरात सहा बहिणी,
आणि हाक मारायची नुसतं 'अगं'.
सांगा, येणार कोण?"

माझ्या वहीत लिहिलेलं होतं:
वापरणाऱ्याला सवय नाही.
शाई वाळलेली, ते येण्याआधीची.
ओळ खोडली नाही.
खाली तारीख घातली फक्त.

संध्याकाळी लिफ्टपाशी सोडायला गेलो.
नवी लिफ्ट, गुळगुळीत काच,
आकडे नुसते उजेडाचे.
माझं बोट सवयीनं पुढं झालं.
"थांबा. कुठंय तेवढं सांगा,
दाबतो मी."

डावीकडं... नाही, जरा खाली...
रोजची लिफ्ट, आणि मला सांगता येईना.
त्यांचं बोट काचेवरून उतरत गेलं,
चौथा लागला, तिसरा लागला, दुसराही.

मजल्यामजल्याला दार उघडत
आम्ही सावकाश खाली आलो.
बाहेर कुठंच कुणी उभं नव्हतं.