तेवढं बाण टाका की

यादगिरी वडनालांच्या थोरल्याचं लग्न.
कार्यालय अक्कलकोट रोडला, आत, तीन वळणं घेऊन.
"सात फ्लेक्स करा ताई, नाव ठळक,
आणि तेवढं बाण टाका की."

कन्ना चौकातलं माझं दुकान, दहा बाय आठ.
कीबोर्डच्या कोपऱ्यात बाण चार आहेत,
ते कर्सरला हाकतात इकडून तिकडे,
स्वतः कधी उमटत नाहीत.
मुकादमासारखे.

मग दोन डॅश दिले, पुढं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह,
मशीननं आपणहून जोडून बाण केला.
मी खूश. घाईत फॉन्ट बदलला.
पहिला फ्लेक्स छापून आला:
वडनाल परिवार à
काकांनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे कुणाचं इनिशियल ओ?"

तो बाण नव्हताच.
बाणाचं सोंग होतं, फॉन्टचा झगा उतरला
तर आत डोक्यावर तिरपी काडी घेतलेलं परकं ए.

खऱ्या बाणाला पत्ता असतो.
एकवीस ब्याण्णव.
इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं,
मग आल्ट आणि एक्स एकदम,
आकडे मिटतात, त्यांच्या जागेवर →
एखाद्या फॉन्टाकडे तो नसलाच
तर रिकामा चौकोन दिसेल,
पण भलतंच अक्षर नाही.

पत्ता म्हटल्यावर अप्पांनी पेपर खाली ठेवला.
साखर पेठेत एकतीस वर्षं त्यांनी जेकार्डचे पत्ते पाडले.
भोक असेल तर धागा उठतो, नसेल तर निजतो.
चादरीवरचा मोर आधी पुठ्ठ्यावर
नुसत्या भोकांचा असतो.
"तुझ्या बाणाला किती भोकं?"

मी शोधून सांगितलं.
आठ घरांच्या तीन ओळी, अप्पा.
पहिलीत तीन सलग, तीन सोडून एक.
दुसरीत एक, चार सोडून दोन जोडीनं.
तिसरीत एक, दोन सोडून एक, दोन सोडून एक.
"ओकटी, रेंडू, मूडू," ते ओठांत मोजत गेले.
घरात एकच पत्ता उरलेला होता, पिवळा पडलेला,
तो दुसऱ्या दिवशी घेऊन आले,
पिशवीत जुना पंच, हातोडी.
चोवीस घरं. दहा भोकं.
मग बोट फिरवून म्हणाले,
"तिन्ही ओळींत शेवटचं घर कोरं. काठ सोडलाय बघ.
ज्यानं कुणी केलं त्याला माग माहीत असणार."
मी नाही म्हटलं नाही.

लग्नाच्या सकाळी इरप्पा शिडी घेऊन गेला.
सातातला एक फ्लेक्स त्यानं
रस्त्याच्या पल्याडच्या खांबाला बांधला,
तोंड करून उलटीकडं.
बाण उजवीकडेच होता, त्याचा काही दोष नाही.
त्याला खांब माहीत नव्हता.
सिरसिल्ल्याहून आलेली सगळी जीप
टॉवेल रंगवायच्या कारखान्यात शिरली.
तिथल्या मास्तरनं निळ्या हातांनी चहा पाजला,
चौकशी केली, मुलगी कुणाची,
आणि मग वाट दाखवायला
बोट केलं डावीकडं.

काका अक्षता पडल्यावर फोनवर हसत होते.
"ताई, उजवं कुणाचं उजवं, तेपण लिहायला पायजे होतं."
तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी विचारते,
खांब कुठल्या अंगाला?
मग ठरवते, एकवीस ब्याण्णव की एकवीस नव्वद.

अप्पांचा पत्ता शटरच्या जाळीला अडकवलाय.
चारच्या सुमाराला ऊन त्यातून येतं
आणि मागच्या भिंतीवर दहा ठिपके पडतात.
बाणासारखं काहीच दिसत नाही.
अप्पा रोज मोजतात.
दहा भरले की चहा सांगतात.