खांद्यापाशी उंची

माझं काम टेबलाचं. नाव, वय, देश,
आणि खांद्यापाशी उंची, इंचांत.
ओल्या गवतात मोजपट्टी धरते मी,
आणि गोल्डन रिट्रीव्हर, कुठल्याही देशाचा असो,
आधी मोजपट्टी चाटतो.
एवढं साम्य वहीत लिहायची सोय नाही.

इन्व्हरनेसच्या पश्चिमेची ही दरी.
या जातीचं मूळ हायलँड्समधलं.
जमीनदाराचं घर आता बिनछपराचं,
खिडक्यांतून बर्चची झाडं बाहेर डोकावतात.
दर काही वर्षांनी कुत्री माहेरी येतात.

आमच्याकडची सायीच्या रंगाची.
डोकं रुंद, हाडापेरानं मजबूत,
पाठ अशी सपाट की वर चहाचा कप ठेवावा.
डोळे गोल, काळेभोर,
जणू आत्ताच कुणी त्यांचं बिस्किट खाल्लंय.

ड्वेन हॉलक्विस्ट मिनेसोटाहून आला.
त्याच्या गाडीतून उतरली ती जुन्या पितळेची,
सडसडीत, पायांना झालर, शेपटीला झालर,
लग्नाला निघाल्यासारखी विंचरलेली.
मिसेस रॅन्किन म्हणाल्या, "छान आहे हो. सेटर का?"
ड्वेन हसला.
त्याच्या देशातल्या स्पर्धेत आमचा साय-रंग मागे पडतो,
पण तो ते बोलला नाही.
एवढंच विचारलं, "यांना ऊन सोसतं का?"

आणि सस्कॅचवानची लॉरीन पेत्रेंको.
तिचा कुत्रा उंच, गडद, केस आखूड,
नाव बोर्श्ट, आजीच्या बिटाच्या सारावरून.
ड्वेनच्या झालरीकडे बघून म्हणाली,
"आमच्याकडे याला बर्फाचे गोळे लटकतील.
कोण सोडवत बसणार?"

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
मध्ये अख्खा महासागर पडला
तर कुत्र्याच्या पाठीचा बाक बदलायला किती पिढ्या?
माझ्या काकाची नातवंडं ऑन्टॅरिओत,
फोनवर माझं निम्मं बोलणं त्यांना कळत नाही,
उरलेल्या निम्म्याला ती "सो क्यूट" म्हणतात.

मर्डो खुर्चीत बसला होता. शहाऐंशी वर्षांचा,
जन्मभर शिकारराखा, डोळे गेलेले.
एकेक कुत्रं त्याच्यापुढे नेतात, तो हात फिरवतो,
कवटीवरून नाकापर्यंत, मग बरगड्या.
"घरचा."
"घरचा, पण लाडावलेला."
"हा पाण्यापलीकडचा."
ड्वेनच्या कुत्रीपाशी हात थांबला.
"वय?"
"सहा. हिच्या आधीची सातव्या वर्षी गेली. गाठ.
तिच्या आधीचीही."
मर्डोने हात काढला नाही.
माझ्या वहीत याचा रकाना नाही,
मी पेनचं टोपण लावून बसले.

मग त्याने आपला हातमोजा काढला
आणि आवाजाच्या अंदाजाने नदीत भिरकावला.
मिसेस रॅन्किनचा कुत्रा गेला, नाकासमोर पोहत आला,
मोजा हातात ठेवला, बसला.
पुन्हा भिरकावला. ड्वेनची गेली,
मोजा पायाशी टाकला आणि नाचू लागली: परत, परत.
तिसऱ्यांदा बोर्श्ट.
त्याने मोजा पकडला, आणि सरळ पलीकडच्या काठावर चढून
पंजांखाली घेऊन बसला. आमच्याकडे बघत.

लॉरीनने शीळ घातली. लॉरीनने शिव्याही घातल्या,
बहुधा युक्रेनियन.
"बघा, कॅनडा," मिसेस रॅन्किन म्हणाल्या,
तेवढ्यात त्यांचाच कुत्रा पाण्यात उतरला,
मागोमाग पितळेची, झालर-बिलर सगळं भिजवत.
तिकडे तिघं, चिखलाच्या रंगाची,
एका मोज्याची तीन टोकं ओढत.

"आणतंय का कुणी?" मर्डोने विचारलं.
उघडा हात खिशात घातलेला.
"नाही."
"मग चहा आण."

चहा दिला. वही उघडली.
बोर्श्टची उंची लिहायची राहिली होती.
एक डोळा मिटून, पेन आडवं धरून,
मी ती नदीच्या अलीकडूनच लिहिली.