ऐनवेळचे विषय

खाजामियाँच्या मोटार-वायंडिंगच्या दुकानात,
शटर अर्धं ओढून,
प्रजासत्ताक जागर मंडळ, शाखा जिंतूर.
सभासद पंधरा, हजर सात.
गणपूर्तीला आठ लागतात
म्हणून चहा घेऊन आलेल्या पोराला नाव विचारलं,
तो म्हणाला, मला अजून अठरा पूर्ण नाहीत.
मग नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब,
आणि अर्ध्या तासानं
त्याच जागी, त्याच सात जणांत
बैठक कायदेशीर झाली.

इतिवृत्त मी लिहिते.
अक्षर बरं आहे म्हणून नऊ वर्षं मीच.

विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे.
केलं. वाचलं कुणीच नव्हतं.

विषय दोन, वर्षाचे कार्यक्रम.
येलदरी रस्त्यावर फ्लेक्स लागलाय :
युवराजांचा पहिला वाढदिवस.
युवराजांना अजून दात नाहीत.
नगरपरिषदेला निवेदन द्यायचं,
चौकात कुणालाही राजे, सरकार, युवराज लिहू नये.
केरबा म्हणाला, त्याचा सांगाडा मीच वेल्ड केला,
साडेचारशे रुपये यायचेत अजून.
लिहू का, मी विचारलं.
लिहा, पण आकडा लिहू नका.

जत्रेतला पहिला नारळ
दरसाल एकाच घरातून कामून?
चिठ्ठ्या टाका, असं ठरत आलं होतं
तेवढ्यात द्रौपदाबाई म्हणाली,
चिठ्ठीत माझं नाव टाकसाल का,
ते आधी सांगा.
कुणीतरी पंख्याकडं बघितलं.
पंखा बंदच होता.

वैजनाथप्पा एसटीत कंडक्टर होते.
म्हणाले, आमदारांसाठी राखीव असं सीट असतंय बगा.
सत्तावीस वर्षांत आमदार एकदा चढला नाही.
पण त्या सीटवर बसणारा माणूस
टेकायच्या आधी एकदा मागं वळून बघायचा.
त्या वळून बघण्याचं काहीतरी करा.

याचा ठराव कसा लिहायचा ते सुचेना.
मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

लाइट गेली.
खाजामियाँनं मोबाइल उलटा धरून
उघड्या मोटारीच्या पोटात ठेवला,
तांब्याच्या तारा उजळल्या,
त्या उजेडात खर्च मंजूर झाला.
सतरंजी उसनी, माइक उसना,
शिल्लक एक हजार तीनशे चाळीस.

विषय चार,
माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे
ऐनवेळचे विषय.

शेख तबस्सुम, दिवाळीनंतरची सभासद,
परभणीला वकिलीच्या पहिल्या वर्षाला.
परवानगी आहे ना, गुरुजी?
बोल की, बाई.
तुम्ही अध्यक्ष कधीपासून आहात?

खिल्लारे गुरुजींनी बोटं मोजली.
एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली,
मग हात मांडीवर ठेवून म्हणाले,
शाखा निघाली तेव्हापासून.
दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, बाई.

केरबाला हसू आलं. अर्ध्यातच थांबलं.

नियमावली माझ्या पिशवीत होती.
कलम सहा, मुदत दोन वर्षं,
खाली माझंच अक्षर.
लिहिताना हात चालतो,
वाचायचं राहून जातं.

गुरुजींनी खिशातून शिक्का काढला,
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत तो असायचा.
डबीसकट सतरंजीच्या मधोमध ठेवला.
बाहेरून एक टमटम गेली,
तिचा दिवा शटरखालून आत येऊन
सगळ्यांच्या पायांवरून फिरला.
शिक्क्याला कुणी हात लावला नाही.

पुढच्या बैठकीत निवडणूक घ्यावी, असा ठराव.
सूचक, शेख तबस्सुम.
अनुमोदक, एवढं लिहून मी मान वर केली.
बराच वेळ कुणीच नव्हतं.
मग गुरुजी म्हणाले,
माझं लिही.

लिहिलं.

आणि सचिवाचं बी बगा म्हणावं कुणीतरी,
चपला शोधत द्रौपदाबाई म्हणाली.

तेही लिहिलं,
त्याच अक्षरात.