ताटली कोण धुतं?

डेल्फा स्टिगॉल, तुझ्या तोंडावर हे बोलणार नाही.
तू म्हणशील, "कॉय, कितवी बियर?"
म्हणून गाडीत बसून लिहितोय,
गुरांच्या लिलावाच्या पावतीमागे.
पुढच्या बाजूला एक कालवड आहे, सहाशे चाळीस पौंडांची.

मी नॅशव्हिलहून परतलो तेव्हा
बुटांच्या खोक्यात अठरा गाणी होती
आणि मान ताठ.
चार वर्षं तिथं यमकं विकली,
सकाळी दहाला प्रेरणा, साडेबाराला सँडविच,
एका खोलीत तिघं मिळून एकाच बाईच्या आठवणीत झुरायचो,
जी तिघांपैकी कुणालाच भेटली नव्हती.

मिझुरीतल्या त्या लिलावाच्या शेडमध्ये
गुरं गेल्यावर फरशीवर पाणी मारायचे, खुर्च्या मांडायचे,
वास तसाच राहायचा.
तू आलीस. अंगठ्याला चिकटपट्टी.
पाच दिवस कारखान्यात कोंबड्यांची हाडं सोडवायची,
सहाव्या दिवशी त्याच हातात गिटार.
जुनंच गाणं होतं, विहिरीचं,
कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही.

हरकत नाही, मुरकी नाही, डोळे मिटणं नाही.
गवंड्यानं ओळंबा सोडावा
तसा सूर सरळ खाली.
आम्ही जिथं "अश्रू" लिहितो
तिथं तुझा आवाज जरासा मोडला,
पायाखाली वाळकी काटकी मोडावी इतकाच,
आणि पुढे चालू लागला.
मी खोकं गाडीतून काढलंच नाही त्या रात्री.

पुढं महिन्याभरानं धीर करून एक गाणं पाठवलं.
बायको सोडून गेलेला माणूस, एकटा जेवणारा.
रात्री एकला तुझा फोन, दुसरी पाळी संपवून:
"दुसरं कडवं. हा जेवतो,
खिडकीशी बसतो, चंद्राशी बोलतो.
ताटली कोण धुतं?"

मी हसलो.
तू हसली नाहीस.
"नाही, खरंच विचारते.
ते कळल्याशिवाय मला गाता येणार नाही."

तीन आठवडे, डेल्फा.
आधी चंद्र गेला.
मग खिडकी गेली, तिच्याबरोबर
माझं सगळ्यात लाडकं यमक गेलं.
शेवटी उरला तो मोरीशी उभा माणूस,
आपली ताटली धुतो
आणि सवयीनं दुसरीही,
जी कुणी वापरलेलीच नाही.

तू ते गायलीस नोव्हेंबरात.
बर्ल टेनिसन स्टील गिटारवर, गुडघ्यात नेहमीची कळ.
लिलाव पुकारणारा ऑरिन,
दमही न घेता मिनिटाला तीनशे आकडे ओकणारा,
टोपी छातीशी धरून भिंतीला टेकलेला.
"आणि सवयीनं दुसरीही", इथवर आलीस
आणि थांबलीस.
पुढची ओळ, तीन आठवड्यांची माझी ओळ,
तू गायलीच नाहीस.
बर्लनं ती नुसती तारेवरून ओढत नेली.

राग आला होता, खोटं कशाला बोलू.
कॉफीच्या थर्मासजवळ जाऊन उभा राहिलो,
तुला काय काय ऐकवायचं ते जुळवत.
तेवढ्यात एक म्हातारा आला, ओव्हरऑलमधला,
त्याचं नाव मी विचारलं नाही.
कपात साखर ढवळत म्हणाला,
"बऱ्याच वर्षांनी ऐकलं हे.
माझा बाप धारा काढताना म्हणायचा.
ताटलीची ओळ तो अशीच अर्धी सोडायचा."

सव्वा महिन्याचं गाणं.
शाई नीट वाळली नव्हती.

मी म्हटलं, हो, असेल.
जुनंच आहे ते.