मुख

दोन वर्षं मी बोटांनी मासे विकले.
पोट दाबून, कल्ले उघडून,
डोळा भरलेला की बसलेला, ते बघून.
पण बर्फातल्या माशाचा डोळा खोटं बोलतो.
बोवलेकरणीने भर बाजारात पिशवी पालथी केली,
"कुसको बांगडो दिलंस माका, जयवंती!"
मी तो नाकाशी धरला.
काहीच नाही.
धुतलेल्या दगडाला असतो, तेवढाही वास नाही.

तोवर सगळं करून झालं होतं.
ओव्याची पुरचुंडी, निलगिरीचा वाफारा,
गोळ्यांचे तीन कोर्स, नाकातला फवारा,
सासूने बोललेला नारळ.
कपाळ मात्र तसंच,
आत कोणी ओलं पोतं कोंबून ठेवल्यासारखं.
पाटी उचलायला वाकले की
ते पोतं डोळ्यांवर घसरायचं.
रात्री तोंड उघडं टाकून झोपायचे,
पहाटे जिभेची सुकट.

कुडाळला डॉक्टर शिरसाटबाईंनी
फोटो उजेडावर धरला.
"काळं दिसतं ती हवा.
तुमच्यात काळं शोधावं लागतंय."
मग नळीतल्या कॅमेऱ्यातून पडद्यावर दाखवलं:
ताडगोळे.
सोललेले, ओलसर, पाणीदार,
माझ्याच नाकात.
मला हसूच आलं.

"औषध जायलाच वाट नाही," त्या म्हणाल्या.
"सगळं खरवडायचं नाही,
फक्त तोंडं मोकळी करायची."
डोळा तिथून कागदाच्या जाडीवर, मेंदूही जवळ,
हेही सांगितलं, सही घेण्याआधी.
नवऱ्याचा हात थरथरला. माझा नाही.
मोचेमाडची खाडी मी बघितलीय.
वाळूने मुख बुजलं की
वरच्या मळ्यांत पाणी तुंबतं, भात कुजतं;
तेव्हा कोणी खाडी उपसत बसत नाही.
चार गडी फावडी घेऊन जातात,
दोन हात रुंद चर मारतात,
बाकीचं ओहोटी करते.

आठ दिवस नाकातून
गंजल्या पत्र्यावरच्या पाण्यासारखं काही येत राहिलं.
शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, पाटी नाही.
दिवसातून तीनदा मिठाचं पाणी,
एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर.
समुद्राकाठी जन्म गेला
आणि भरती-ओहोटी शिकले ती मोरीत उभी राहून.

वाटलं होतं, पहिला वास येईल तो कोकमाचा,
नाहीतर तव्यावरच्या तिरफळाचा.
आला तो मोरीतल्या कुबट फडक्याचा.
मग पंधरवड्याने, नवऱ्याच्या शर्टातून, बिडीचा.
"सोडली" म्हणाला होता.
दोन वर्षांमागे.
तो गप्प उभा.
भांडायचं सोडून मी शर्ट पुन्हा हुंगला,
पुन्हा एकदा, कॉलरपासून.

परत वाढू शकतं, बाईंनी सांगून ठेवलंय.
वाळू काय, दरवर्षी येतेच.

आज बोवलेकरीण आली.
तीन बांगडे हुंगून तिच्या पिशवीत घातले,
चौथा मांजराकडे टाकला.
तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
भाव तेवढा दहा रुपयांनी चढा लावला.