दीड सेंटीमीटर

पोलादी नळी जमिनीत शिरताना
आधी काहीच आवाज करत नाही,
मग कोपरभर खाली, गोठलेल्या थरावर,
दातओठ खाते.
सिग्ने म्हणते, दाब, इनुतेक, अजून दाब.
मी दाबतो. दिवसाचे पैसे ठरलेत,
बोटीचे वेगळे.

वर घळीतून अप्पालियार्सुक उठतात,
लाख, दोन लाख, कोण मोजणार.
दोन मुठींएवढं पाखरू,
पोट पांढरं, पाठ काळी,
गळ्याखालच्या पिशवीत पिल्लासाठी
तांदळाच्या कणीएवढे लाल जीव.
स्वतः खाल्लेलं मात्र
घरट्यापर्यंतही थांबत नाही,
हवेतूनच सुटतं, गुलाबी,
दगडावर, गवतावर, माझ्या टोपीवर.

समुद्र डोंगर चढतो तो असा.
थेंब थेंब,
मागच्या दारानं.

पलीकडच्या तीरावर पाखरं नाहीत.
तिथं नुसती खडी.
सशानंही जायचं तर शिदोरी बांधून जावं.
इथं पाय टाकला की घोट्यापर्यंत हिरवं,
हंस येतात, कस्तुरी बैल येतात,
कोल्हा पाखरं दगडाखाली पुरून ठेवतो
आणि विसरतो.
विसरला तिथं गवत हातभर उंच.
शिकारी म्हणून कोल्हा बरा,
शेतकरी म्हणून फारच चांगला.

सिग्नेनं नळी उघडली.
तपकिरी, ओलसर, लांबच लांब, दीड मीटर,
वास असा की मला एकदम भूक लागली.
तिनं शेजारी पट्टी ठेवली.
एक सेंटीमीटर म्हणजे
साधारण तीस वर्षं, ती म्हणाली.
साधारण हा शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणते.

म्हणजे मी दीड सेंटीमीटर.

माझ्या खाली बाप, कैर्नगाक,
लांब दांड्याच्या जाळ्यानं
उडतं पाखरू अलगद झेलणारा.
त्याच्याखाली त्याचा बाप,
ह्याच मातीच्या विटा कापून
भिंती रचणारा.
पाखरांची शतकं एकावर एक,
आणि आत दिव्याशी माणसं.
थंडी त्यातून आत येईपर्यंत दमून जायची.

वीसेक सेंटीमीटरवर
करंगळीच्या रुंदीचा एक पट्टा
फिका, राखाडी.
हे काय?
इथं पाखरं आली नसावीत, सिग्ने म्हणाली,
किंवा फार थोडी.
बर्फ फुटलं नसेल वेळेवर,
नाहीतर ते लाल जीव दुसरीकडे गेले असतील.
किती वर्षं?
तिनं पट्टी लावली. तीस. साधारण.
ती वहीत लिहू लागली.
मी त्या पट्ट्यावर बोट ठेवून
कितीतरी वेळ बसलो.
एका माणसाचं अर्धं आयुष्य,
रिकामं जाळं,
आणि पलीकडच्या तीरासारखं होत गेलेलं
हे सगळं.

यंदा बर्फ मे महिन्यातच सुटलं.
पाखरं आली, पण परततात उशिरा,
फार लांबून, पिशवी अर्धी.
हे मी सिग्नेला सांगितलं नाही.
तिच्या वहीत ते बहुतेक असेलच.

कड्याखाली बापाची दगडांची ढिगोळी आहे.
त्यावर पाखरं बसतात, म्हणून
तिच्यावर नारिंगी दगडफूल चढलंय.
बोटीतून सगळ्यात आधी तीच दिसते.
आयुष्यभर भडक कपडा म्हणून
घातला नाही त्यानं.

संध्याकाळी नादुकचा फोन आला, नूकहून.
सीलच्या कातड्यात शिवलेली पाखरं
या वर्षी पुरली का दगडाखाली,
माझ्यासाठी राखून ठेव.
ठेवतो म्हटलं.
पाचशे लागतात एका कातड्याला.
तीनशे झालीत, हे नाही बोललो.

रात्र नसलेल्या रात्री
सिग्ने सामान आवरत होती.
पट्टी गवतावरच राहिली होती.
तिच्यावर, शून्याच्याही अलीकडे,
टपकन एक गुलाबी थेंब पडला.
ती पुसायला वाकली.

राहू दे, मी म्हटलं.
वाळू दे आधी.
हे आजचं आहे.